व्हीसीए आणि मॉड्युलेशन: स्वराला आकार कसा द्यावा

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमधला ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारा भाग, अखंड वाजतच असतो. त्याचा स्वर कधी उमटावा आणि कसा विरावा, हे व्होल्टेजवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजेच व्हीसीए, ठरवतो. पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या 3.5 मिमीच्या मोनो केबलने एन्व्हलपचे, म्हणजे स्वराचा चढ-उतार ठरवणारे व्होल्टेज देणाऱ्या भागाचे, आउटपुट व्हीसीएच्या कंट्रोल इनपुटला जोडावे. एन्व्हलपचा अटॅक (चढण्याचा वेळ) आणि सस्टेन (टिकून राहणारी पातळी) शून्यावर ठेवून डिके (उतरण्याचा वेळ) थोडा वाढवला, की तार छेडल्यासारखा स्वर मिळतो.

एलएफओ, म्हणजे संथ गतीचा ऑसिलेटर, सुमारे 5 हर्ट्झवर ठेवून व्हीसीएला दिल्यास आवाजाची पातळी थरथरते, तर ऑसिलेटरला दिल्यास स्वरच हलतो. एलएफओची मात्रा कमी ठेवलेलीच बरी. खरी गंमत पुढे आहे: एलएफओऐवजी 100 हर्ट्झचा दुसरा ऑसिलेटर व्हीसीएला जोडला, तर 440 हर्ट्झच्या साइन (एकाच वारंवारतेच्या शुद्ध) स्वराशेजारी 340 आणि 540 हर्ट्झचे नवे स्वर ऐकू येतात.