छापील नाटक उभं करताना

विद्यार्थ्यांचा गट नाटक निवडायला बसला की पहिला प्रश्न येतो, "मुली किती, मुलगे किती?" या प्रश्नाला नाक मुरडू नका. सात मुली आणि दोन मुलगे असलेल्या गटाने नऊ पुरुषपात्रांचं नाटक घेतलं, की तालमीचा पहिला महिना मिशा चिकटवण्यात जातो. आधी आपली माणसं मोजा, मग पुस्तकं उघडा. दुकानांतून केव्हाच गायब झालेली नाटकंही दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात सापडू शकतात. आठवड्याला तीन-चार वाचा, पण दोघांनी मिळून, मोठ्याने. मनात वाचताना चमकदार वाटलेले संवाद तोंडातून बाहेर पडताना कधीकधी निबंधासारखे लागतात, आणि ते पहिल्या पाच पानांतच कळतं.

वयाकडेही बघा. विशीतल्या मुलाने एक आजोबा केले तर खपून जातं. चार म्हातारी माणसं असलेलं नाटक घेतलंत तर प्रेक्षक गोष्ट सोडून केसांतली पावडर बघत बसतात.

परवानगी आधी, नारळ नंतर

बहुतेक नाट्यपुस्तकांत शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते: प्रयोगाच्या परवानगीसाठी व मानधनासाठी अमुक पत्त्यावर संपर्क साधावा. पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला, असं होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे किंवा त्याने ज्यांना दिले त्यांच्याकडे राहतात, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले आणि कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये, म्हणजे त्यांची नाटकं खुली आहेत. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यांची नाटकं १ जानेवारी २०२५ पासून मोकळी झाली. विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले. त्यांच्या नाटकांना २०६८ संपेपर्यंत परवानगी लागेल. नाटक अनुवादित किंवा रूपांतरित असेल तर मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचा हिशेबही वेगळा करायचा.

कायद्यात विद्यार्थ्यांसाठी एक खिडकी आहे. संस्थेच्या उपक्रमात तिथल्याच विद्यार्थ्यांनी किंवा शिक्षकांनी प्रयोग केला, आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित माणसंच असली, तर तो हक्कभंग ठरत नाही. हौशी मंडळाने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगालाही अशी सवलत आहे. पण वर्गातलं नाटक चांगलं झालं की कुणीतरी म्हणतंच, "स्पर्धेत टाकू या, एक तिकीट शो लावू या." तिथे सवलत गृहीत धरू नका. म्हणून मी सुरुवातीलाच पत्र लिहायला सांगतो. कोण करणार, कुठे, किती प्रयोग, तिकीट आहे की नाही, एवढं एका पानात. संवाद कापायचे असतील तर तेही त्याच पत्रात विचारा. नाटकाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क कायद्याने वेगळा राखलेला आहे. विद्यार्थी म्हटल्यावर मानधन कमी करणारे बरेच भेटतात. न विचारता केलेला प्रयोग मात्र कुणालाच आवडत नाही.

सार्वजनिक प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. बोलताना सगळे त्याला 'सेन्सॉर' म्हणतात. छापील नाटकाचे प्रयोग आधी झालेले असतील तर जुन्या प्रमाणपत्राचा क्रमांक हक्कदारांकडे विचारून ठेवा. स्पर्धेचा अर्ज भरताना ही कागदपत्रं शोधत बसायला लागू नये.

पुस्तकातले कंस

छापील नाटक म्हणजे बरेचदा आधीच झालेल्या एका प्रयोगाची वही असते. पहिल्या पानांत पहिल्या प्रयोगाची तारीख, थिएटर, कलाकार, नेपथ्यकार सगळे असतात, ते यासाठी वाचायचं. कंसातली "डावीकडच्या दारातून येते", "सोफ्यावर बसतो" ही वाक्यं लेखकाला सुचलेली असतील, किंवा त्या दिग्दर्शकाने त्या सेटवर बसवलेलं पुस्तक छापताना आत आलेलं असेल. तुमच्याकडे ना तो सेट, ना तो सोफा.

यासाठी मी दोन पेन्सिली वापरतो. ज्या कंसावाचून पुढचा संवाद कळतच नाही (पत्र फाडतो, दिवे जातात, थप्पड मारते) त्याखाली लाल रेघ. बाकी सगळे कंस निळे, म्हणजे सध्या विसरायचे. हे केल्यावर नाटक एकदम रिकामं दिसतं आणि मुलं घाबरतात. घाबरू द्या. "ही आता का उठते?" हा प्रश्न त्या रिकाम्या जागेतच सुचतो. पुस्तकात "उठते" छापलेलं असलं की नटी नुसती उठते. डावं-उजवं नटाचं की प्रेक्षकांचं, हेही एकदा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर तिसऱ्या तालमीत दोघं एकमेकांवर आपटतील.

नाटक कोणत्या जागेसाठी लिहिलं गेलं, हेही पाहा. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे प्रायोगिक नाटक रुजलं, त्यात नट आणि प्रेक्षक हातभर अंतरावर असायचे. तशा जागेसाठी लिहिलेला पॉज, म्हणजे संवादातली शांतता, शिवाजी मंदिरसारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर तो आवाजाने किंवा शरीराने भरावा लागतो. उलट, पडद्याच्या रंगमंचासाठी लिहिलेलं नाटक तीन बाजूंनी प्रेक्षक बसणाऱ्या पृथ्वीसारख्या थिएटरात नेलंत, तर प्रेक्षकांकडे तोंड करून ओळीत उभं राहायची सवय पहिल्याच दिवशी मोडायची.

जुन्या नाटकातला ट्रंक कॉल (एक्स्चेंजकडे नोंदवून जोडून घ्यायचा परगावचा फोन) काढून मोबाइल घालायचा मोह सगळ्यांना होतो. आधी बघा, कॉल लागेपर्यंतच्या वाट बघण्यात काय घडतं. बरेचदा अख्खा प्रवेश त्या वाट बघण्यावर उभा असतो, आणि मोबाइल आला की पात्रांना एकमेकांशी बोलायचं कारणच उरत नाही. काळ तसाच ठेवा. प्रेक्षकांना कळतं.

वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत

पूर्ण लांबीच्या नाटकाला, कॉलेज सांभाळून, आठ आठवडे धरा. पहिला आठवडा नुसतं बसून वाचन, भूमिका न वाटता. आज जिने आई वाचली ती उद्या मुलगी वाचेल. वाटप नंतर करा. रुसवेही कमी होतात.

इथे एक कबुली देतो. आमच्या पहिल्या नाटकात सगळ्यांनी एकाच झेरॉक्सवरून पाठांतर केलं आणि त्यात एक पान गळलं होतं. संवाद मध्येच तुटायचा. तीन आठवडे आम्ही एकमेकांना समजावत होतो की लेखकाला इथे तुटकपणाच अभिप्रेत आहे. त्यावर दिग्दर्शकाने एक सुंदर प्रकाशयोजनाही बसवली होती. मग कुणाच्या तरी मावशीकडे मूळ पुस्तक निघालं. तेव्हापासून वाचनाच्या दिवशी छापील प्रत समोर ठेवून पानं मोजतो. पुस्तकाची एक प्रत विकत घ्या, आणि तिच्यावरून प्रॉम्प्टरची, म्हणजे अडलेला संवाद पडद्यामागून सुचवणाऱ्याची, वही करा: डाव्या पानावर संवाद, उजवं कोरं, त्यावर हालचाली, लाइट आणि म्युझिकचे क्यू, म्हणजे ते कुठे बदलायचे त्याच्या खुणा. पेनने नाही, पेन्सिलीनेच.

दुसऱ्या आठवड्यापासून उभ्या तालमी. मुंबईत जागा हीच खरी परीक्षा. शाळेचा हॉल, कुणाच्या इमारतीची गच्ची, रविवारी रिकामा वर्ग, जे मिळेल ते घ्या, पण थिएटरच्या रंगमंचाचं माप आधी टेपने घेऊन या आणि तेवढीच चौकट खडूने किंवा सुतळीने आखा. गच्चीवर ऐसपैस फिरलेला नट थिएटरात तिसऱ्या पावलाला विंगेत, म्हणजे बाजूच्या पडद्याआड असतो. पावसाळ्यात गच्ची धरूच नका. आणि वेळापत्रक लोकल बघून करा. विरार आणि बदलापूरच्या मुलांचे प्रवेश आधी, दादर-परळचे शेवटी. रात्री साडेनऊनंतर घड्याळाकडे बघत केलेली तालीम कामाची नसते.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुस्तक हातातून सुटलंच पाहिजे. एक तारीख लावा आणि त्यानंतर प्रॉम्प्टरने फक्त पहिला शब्द द्यायचा. मग रोज एक अंक सलग. सहाव्या आठवड्यापासून पूर्ण धावती तालीम, घड्याळ लावून. जुनी तीन अंकी नाटकं आजच्या वेळेत बसत नाहीत. परवानगी घेऊन कापायची तर अख्खं पान काढू नका. दोनदा सांगितलेली गोष्ट एकदा ठेवा, वेळ तिथेच मिळतो.

खऱ्या वस्तू लवकर आणा. कपबशी, छत्री, चष्मा, नऊवारी, जे काही असेल ते पाचव्या आठवड्यात हातात हवं. रंगीत तालमीला पहिल्यांदा नऊवारी नेसलेली मुलगी जिना चढताना संवाद विसरणारच, त्यात तिची चूक नाही.

थिएटरचा दिवस

थिएटर सत्राने, म्हणजे दिवसातल्या ठरावीक तासांपुरतं मिळतं, आणि त्याच सत्रात सेट लावणं, प्रयोग आणि आवराआवर बसवायची असते. तांत्रिक तालीम त्यामुळे आधीच कुठेतरी उरकलेली हवी, निदान क्यूंची यादी बोलून तरी. गेल्या गेल्या लाइटवाल्यांना आराखडा द्या, आधी दिवे टांगून होऊ द्या, मग सेट. उलटं केलंत तर शिडी सोफ्यावर ठेवावी लागते. थिएटरचे कामगार तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रयोग पाहिलेले असतात. सेटच्या उभ्या भिंतीकडे बघून त्यांनी "हा फ्लॅट हलेल" म्हटलं तर वाद न घालता आणखी एक वजन ठेवा. चहा त्यांच्यासाठीही सांगा.

नटराजपूजन, नारळ, पहिली घंटा, दुसरी घंटा. तिसऱ्या घंटेआधी एकाने प्रॉपर्टीच्या, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावरून यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला हात लावायचा. नुसतं "आहे, आहे" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. आमचं पत्र एकदा असंच "होतं", आणि नायिकेने रिकाम्या हाताने पत्र फाडलं.

पडदा पडल्यावर फोटोंसाठी दहा मिनिटं, त्याहून जास्त नाहीत. पुढच्या सत्राचा टेंपो तोवर मागच्या दाराशी लागलेला असतो. आपला टेंपो भरताना प्रॉम्प्टरची वही सामानात टाकू नका, कुणीतरी हातात घेऊन घरी न्या. प्रत्येक अंकाला प्रत्यक्ष किती मिनिटं लागली ते तिच्यात त्याच रात्री लिहा. मानधन आणि प्रयोगाची पत्रिका हक्कदारांना त्याच आठवड्यात पाठवा.