इंग्लंडमध्ये एकटीने पोहोचले, पण कोरोना चाचणीचं किट आलंच नाही

८ ऑगस्ट २०२१ ला ब्रिटनने भारताला प्रवाशांवर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या देशांच्या लाल यादीतून मधल्या, अंबर यादीत टाकलं आणि आम्हा विद्यार्थ्यांचा जीव भांड्यात पडला. हॉटेलमधल्या सक्तीच्या विलगीकरणाचे १,७५० पौंड वाचले. पण भारतातलं कोव्हिशील्डचं प्रमाणपत्र तेव्हा तिथे चालत नसल्यामुळे भाड्याच्या खोलीत १० दिवस राहणं भाग होतं. शिवाय दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी, तीही आधीच पैसे भरून. बुकिंगचा क्रमांक प्रवासाआधी भरायच्या पॅसेंजर लोकेटर फॉर्मवर लिहावाच लागे.

दुसरा दिवस उजाडला तरी किट नाही. कंपनी फोन उचलेना, मेलला तेच छापील उत्तर. शहरात ओळखीचं कुणी नाही, विलगीकरण पाळतेय का, या चौकशीचा सरकारी फोन कधीही येणार. फार घाबरले होते.

आधी ११९ या हेल्पलाइनवर सगळं सांगितलं. मग दुसऱ्या कंपनीचं किट कुरिअरने मागवलं आणि पहिल्या कंपनीला पाठवलेल्या मेलचे, पावतीचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवले. चौकशीचा फोन आला तेव्हा ते पाहूनच तारखा सांगितल्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. किट आल्यावर घशातून, मग नाकातून काडी फिरवली, नळीत बंद केली. पाकीट शेजारच्या खोलीतल्या मुलीने पोस्टात टाकलं. तीच दाराशी दूध ठेवायची. तिचे उपकार मोठे आहेत.

पहिली कंपनी निवडतानाच पैसे परत मिळण्याची अट वाचायला हवी होती. मला ते मिळाले, पण बँकेकडे तक्रार केल्यावर.