ग्रास कटर चालवताना आरपीएमच्या या चुका टाळा

ट्रॅक्टरला जोडलेल्या ग्रास कटरने बागेतलं गवत कापून मागे वळून पाहिलं, तर चाकाखाली दबलेलं गवत पुन्हा उभं. दोन दिवसांनी बाकीच्या गवताचे शेंडे चिरफाळलेले आणि पिवळट. पाती बोथट झाली असतील म्हणून मी ती धार लावून आणली. पुन्हा तेच. चूक पात्यांत नव्हतीच. डिझेल वाचवायच्या नादात मी इंजिन १२०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर चालवत होतो.

ग्रास कटरचं पातं विळ्यासारखं कापत नाही, फटका मारून तोडतं. त्यामुळे सगळा खेळ वेगाचा. आपल्याकडची बहुतेक अवजारं पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. त्या ५४० इंजिनच्या किती आरपीएमला मिळतात, ते ट्रॅक्टरप्रमाणे बदलतं. मीटरवर खूण असते, नाहीतर पुस्तिकेत आकडा. समजा तो १८०० आहे. मग १२०० वर पीटीओ ३६० वरच राहतो. फेऱ्या एक तृतीयांश घटल्या, पण फटक्याची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे निम्म्याहूनही खाली. गवत तुटायच्या ऐवजी ओरबाडलं जातं.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. दाट गवत आलं की ट्रॅक्टर हळू करायला एक्सलेटरवरचा पाय सैल सोडतात, आणि पात्याला जोर हवा नेमका तेव्हाच वेग पडतो. हाताचा एक्सलेटर खुणेवर लावा आणि पायाचा विसरून जा. पुढे जायचा वेग गिअरनेच ठरवायचा. टेपने २५ मीटर मोजून दोन खुणा करा; ते अंतर २५ सेकंदांत गेलात तर वेग ताशी ३.६ किलोमीटर. दाट गवताला तेवढा पुरे. तरीही इंजिन दबलं, काळा धूर आला, तर क्लच दाबून खालचा गिअर टाका. पहिल्याच गिअरमध्ये दबत असेल तर कटर थोडा वर घ्या किंवा अर्ध्या रुंदीनेच कापा.

पीटीओचा लिव्हर कुठे आहे, हेही बघा. इकॉनॉमी मोडमध्ये ५४० फेऱ्या कमी आरपीएमला मिळतात, पण तो हलक्या गवतासाठी. ग्राउंड स्पीडवर राहिला तर पाती चाकांच्या वेगाने चालतात आणि ट्रॅक्टर थांबला की तीही थांबतात. ५४० च्या अवजाराला १००० चा पीटीओ मात्र कधीच लावू नका. पातं सुटून उडालं तर ते कुठे जाईल, सांगता येत नाही.

पीटीओ कमी आरपीएमवर जोडा, मग सावकाश वाढवा. चढ्या आरपीएमवर जोडला तर झटका पीटीओ आणि कटर जोडणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) आणि गिअरबॉक्सवर बसतो.

आरपीएम बरोबर असूनही कटर थरथरत असेल तर पाती तपासा. एकच नवं टाकलं असेल तर दोन्ही बाजूंचं वजन जुळत नाही; पाती जोडीनेच बदलावी लागतात. मात्र पीटीओ बंद केल्यावरही ती काही वेळ फिरत राहतात. इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका, आणि शाफ्ट थांबलेला दिसल्यावरच खाली उतरा.