पूर आणि दरडीच्या आधी घर केव्हा आणि कसे सोडावे

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ साली तेथे पाणी सुमारे ५३ फुटांपर्यंत चढले होते. ती खूण मनात धरून २०१९ च्या ऑगस्टमध्ये अनेक कुटुंबांनी सामान त्या खुणेच्या वर रचले आणि ती घरातच थांबली. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. मागच्या पुराची रेषा ही येणाऱ्या पुराची मर्यादा नसते, हे मनाशी पक्के करूनच पुढची तयारी करावी.

सर्वांत आधी, ऊन असतानाच, आपल्या घराचे माप काढावे. पुलाजवळ किती फूट पाणी असताना आपल्या गल्लीत, अंगणात आणि उंबऱ्याला पाणी लागले होते, हे शेजारच्या जाणत्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. नदी फुगली की ओढ्यानाल्यांचे पाणी मागे तुंबते आणि पुष्कळदा घराआधी रस्ताच बुडतो. म्हणून निघण्याचा आकडा घरात पाणी शिरण्यावरून न ठरवता रस्ता बंद होण्याच्या बऱ्याच आधीचा ठरवावा. जनावरे हलवण्याचा एक आणि माणसांनी निघण्याचा एक, असे दोन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. रात्री अंधारात, पाऊस कोसळत असताना घरात वाद घालत बसण्यापेक्षा हा निर्णय जूनमध्येच झालेला बरा.

आपल्या आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधू नये. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला. त्यामुळे सांगलीत उघडीप असतानाही महाबळेश्वर आणि पाटणकडच्या पावसाने पाणी चढते. कोयना आणि वारणेवरच्या चांदोली धरणांतून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सुरू आहे आणि कराडला पातळी काय आहे, याची बातमी सकाळ-संध्याकाळ घ्यावी.

माणसे घर सोडत नाहीत याचे खरे कारण बहुतेक वेळा गोठ्यात असते. दुभत्या म्हशीला मागे ठेवून निघणे कोणत्याही शेतकऱ्याला जड जाते आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणूनच उंचावरच्या गावातील पाहुण्यांकडे जागा, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि चार दिवसांची वैरण आधीच बोलून ठेवावी आणि कानातल्या बिल्ल्यासह प्रत्येक जनावराचे छायाचित्र काढावे. हलवणे अगदीच अशक्य झाले, तर निदान दावी सोडून जनावरे मोकळी करावीत.

आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक आणि नेहमीची औषधे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ ठेवावीत. निघताना विजेचे मुख्य बटण आणि गॅस बंद करावा. बोटीत बसण्याची वेळ आलीच, तर गर्दी असलेल्या बोटीत चढू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला.

डोंगरकुशीतील वाड्यांना एवढी सवड मिळत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे रात्रीच्या पावसात दरडी कोसळल्या. पाणी मुरून जड झालेली माती खालच्या खडकावरून सरकते, तेव्हा पळायला क्षणही मिळत नाहीत. पण त्याआधी काही खुणा दिसू शकतात. घरामागच्या उतारावर आडवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे, नवा उमाळा फुटणे किंवा वाहता ओढा एकाएकी आटणे, यांपैकी एकही खूण दिसली तर पंचनाम्याची किंवा आदेशाची वाट न पाहता दिवसाउजेडीच वाडी सोडावी. सलग मुसळधार पाऊस असेल, तर खुणा नसल्या तरी रात्रीच्या मुक्कामाला खालच्या गावात जावे. मात्र ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या घरात थांबू नये, कारण दरडीचा गाळ तेथूनच खाली येतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

पाणी ओसरल्यावर घर धुण्याची घाई होते, पण आधी भिंतीवरची पाण्याची रेषा, गाळ, भिजलेले धान्य आणि मोडलेले सामान यांची छायाचित्रे काढावीत. धुऊन पुसलेल्या घराचा पंचनामा दुबळा होतो. त्यानंतर काठीने सामान हलवून साप-विंचू पाहावेत, वायरमनने तपासेपर्यंत वीज सुरू करू नये आणि टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त) पावडर टाकून विहीर शुद्ध झाली तरी काही दिवस पाणी उकळूनच प्यावे. गाळात अनवाणी उतरू नये. पायाला जखम असून आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, तर तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग, असू शकतो. अशा वेळी आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.