घरातला आल्तार मांडताना या चुका टाळा

वसईतल्या जुन्या कॅथलिक घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली लाकडी फळी आणि फळीवर क्रूस, मरियामातेची मूर्ती व मेणबत्ती दिसते. हाच घरातला आल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी. घराचे सौंदर्य या जागेपासून सुरू होते, असे मी मानते, आणि म्हणूनच तिची आबाळ झालेली पाहिली की जिवाला लागते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक गर्दीची आहे. वेलंकणीहून आणलेली मूर्ती, वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेतली दुसरी, लग्नात आलेली तिसरी, असे सारे एकाच फळीवर दाटीने बसवले की नजर कुठेच ठरत नाही. क्रूस मध्यभागी ठेवावा, मे आणि ऑक्टोबर या मरियामातेच्या महिन्यांत तिची मूर्ती पुढे आणावी आणि उरलेल्या मूर्ती सुती कापडात गुंडाळून कपाटात जपाव्यात.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. आमच्या आजीची तसबीर एका पावसाळ्यानंतर साफ करायला उतरवली, तेव्हा मागचा पुठ्ठा बुरशीने काळवंडलेला होता आणि ओल काचेच्या आत शिरून चित्राच्या कडेला तपकिरी डाग पडले होते. तसबीर ओलसर भिंतीला चिकटून राहिली की मागे हवा खेळत नाही, हे त्याचे कारण. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात, न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी आणि पावसाळ्यात अधूनमधून तसबीर उतरवून पाहावी. थेट उन्हाचीही जागा नको, कारण उन्हाने छापील चित्राचे रंग उडतात.

मेणबत्ती काजळी धरत असेल, तर बहुधा वात लांब झालेली असते किंवा पंख्याचा वारा थेट ज्योतीवर येत असतो. पेटवण्यापूर्वी वात पाव इंचापर्यंत कापावी. आल्तारच्या कापडावर मेण सांडले, तर ते ओले असताना पुसू नये, कारण डाग पसरतो. बर्फ लावून ते कडक होऊ द्यावे, बोथट सुरीने खरवडावे, मग कापडाच्या वर आणि खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी.

काळाचे भान सुटणे ही चूक मला सर्वांत मोठी वाटते. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार वाट पाहण्याचे असतात. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी अशा मेणबत्त्या एकेक करून पेटत जातात. डिसेंबर लागताच सारी रोषणाई करून मोकळे झालो, तर मुलांना वाट पाहण्यातला आनंद कसा कळणार? येशूजन्माचा गोठा हळूहळू सजवावा, बाळ येशूला 24 च्या रात्री गव्हाणीत ठेवावे आणि 26 तारखेला आवराआवर करू नये. नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीत जातो.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली आणि क्रूसामागे खोचलेली गेल्या वर्षीची झावळी वाळून धूळ धरते, तरीही ती आशीर्वादित असल्याने कचऱ्यात टाकू नये. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख अशाच झावळ्यांपासून होते, म्हणून त्याआधी ती चर्चमध्ये नेऊन द्यावी.

फुलांच्या बाबतीत एवढेच सांगते, की ज्या वसईच्या वाड्यांतून दादरच्या बाजारात फुले जातात, तिथल्या आल्तारवर धुळकट प्लास्टिकचे गुच्छ शोभत नाहीत. तांब्याच्या वाटीत पाणी घालून सोनचाफ्याचे एक फूल ठेवावे आणि ते पाणी रोज सकाळी बदलावे.