चार सुरुवातींची तुलना

आवडीनिवडींची यादी झाली आहे, कलचाचण्या देऊन झाल्या आहेत, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारून झालंय आणि तरीही नक्की कुठल्या कामात शिरायचं ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. यादी कशी करायची ते सांगत बसत नाही. तुम्हाला माहिती कमी पडत नाहीये.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. हाताशी चार पर्याय असले की माणूस चारही थोडे थोडे करून बघतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आता हिशोब करा. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून आठवड्याला 10 तास मोकळे मिळतात असं धरू. चार पर्यायांत वाटले तर प्रत्येकी अडीच. त्यातला अर्धा तास मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आठवण्यात जातो. उरले दोन. आठ आठवड्यांनी प्रत्येक कामात 16 तास झालेले असतात आणि तेवढ्यात कुठल्याही कामाचा उंबरठाच दिसतो: साधनांची नावं, नियम, चुका, पुन्हा चुका. कोडिंग असो, शिकवणं असो, सुतारकाम असो की हिशेबतपासणी, उंबरठ्यावर सगळीकडे सारखंच ठेचकाळायला होतं. म्हणजे तुम्ही चार कामांची तुलना करतच नसता, चार सुरुवातींची करत असता. साहजिकच एकही काम आपलं वाटत नाही. ते वाटत नाही म्हणून यादीत पाचवा पर्याय येतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला अडीचऐवजी दोनच तास उरतात. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण आळशांना लावतात, पण ती खरी लागू पडते अशा कष्टाळू लोकांना.

पुन्हा सांगतो, कारण हे समजूनही सुटत नाही, मलाही नीट सुटलेलं नाही. दार उघडं ठेवायला काही लागत नाही असं वाटतं. लागतं. 2002 साली डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या दोन छायाचित्रांतलं एक ठेवून घ्यायचं होतं. काहींना ते नंतर बदलून घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं. बदलता येणार म्हटल्यावर मन त्या गोष्टीशी जुळवून घ्यायलाच बसत नाही.

तेव्हा एकच काम निवडा. आठ आठवडे, आठवड्याला आठ तास, एकूण 64. बाकीच्यांना शून्य तास. कमी नव्हे, शून्य. फक्त प्रवेशाची किंवा वयाची खरी मुदत असेल तर तो अर्ज भरून टाका, त्यासाठी प्रयोग थांबवू नका. पहिलं काम कुठलं? ज्याची संधी सगळ्यांत आधी संपते ते. सगळ्यांना सारखाच वेळ असेल तर जे सोडायला सगळ्यांत स्वस्त पडेल ते. चिठ्ठी टाकलीत तरी चालेल, खरंच.

सुरू करण्याआधी कागदावर तीन अटी लिहा: किती कमाई पुरेशी, दिवसातले किती तास देणार, कुठली गोष्ट अजिबात सहन करणार नाही. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्ये हेच मांडलं होतं, की माणूस सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. फक्त 'पुरेसं' म्हणजे किती हे आधी लिहिलेलं हवं. नंतर लिहिलंत तर रेषा रोज सरकते.

वहीत रोज एक ओळ: काय केलं, किती वेळ, आणि कुणी न सांगता पुन्हा केलं का. "मजा आली" असलं काही लिहू नका, त्याचा नंतर उपयोग होत नाही. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. तेव्हा नवलाई संपलेली असते आणि हात बसलेला नसतो. पाचव्यापासून वही वाचायला घ्या. तिथे आवड शोधायची नाही. कुठला कंटाळा तुम्हाला झेपतो ते शोधायचं. प्रत्येक कामात कंटाळा आहे, फक्त जात वेगळी.

मध्ये तिघांशी बोला: त्या कामात दोन वर्षं काढलेला, दहा वर्षं काढलेला आणि ते सोडून गेलेला. "हे क्षेत्र कसं आहे?" असं विचारलंत तर भाषण मिळेल. "गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारा. तिसऱ्या माणसाला टाळू नका, तोच सगळ्यांत कामाचा. आणि तुमच्याकडे किती तास आहेत, घरखर्च कोण बघतं हे न विचारता सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकाला नमस्कार करून निघा. यशस्वी माणसं आपल्या गोष्टीतले योगायोग गाळून सांगतात. मुद्दाम नाही, त्यांना तसंच आठवतं.

आणखी एक सूत्र फिरत असतं: पहिले 37 टक्के पर्याय नुसते बघायचे, मग त्यांच्याहून सरस असा पहिला जो येईल तो घ्यायचा. गणित बरोबर आहे. पण ते नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही असं धरून चालतं आणि तरीही सर्वोत्तम हाती लागण्याची शक्यता साधारण 37 टक्केच असते. आयुष्यात बहुतेक ठिकाणी परत जाता येतं. सूत्र सोडा.

खर्चाची सोय नसेल तर आधी ती लावा. पोटाची चिंता असताना कुठलंही काम वाईटच दिसतं. मग आठवड्याला पाच तास आणि तेरा आठवडे धरा, बेरीज जवळपास तीच होते. उशीर झाला म्हणून घाबरू नका. एका कामात कमावलेला हात दुसऱ्यात बराच उपयोगी पडतो, विशेषतः लिहिणं, हिशोब आणि माणसांशी बोलणं.

शेवटच्या दिवशी वही आणि तीन अटींचा कागद शेजारी ठेवा. उत्तरं तीनच: पुढे चालू, बंद, किंवा काम तेच पण त्यातला भाग वेगळा. तिसरं बहुतेक जण विसरतात. शिकवणं नको झालेल्याला कधी कधी फक्त वर्गासमोर उभं राहणं नको असतं, धडे तयार करणं चालतं. बंद ठरलं तर त्या कामाचं साहित्य त्याच दिवशी नजरेआड करा आणि पुढच्या कामाची तारीख कॅलेंडरवर टाका.