ट्रिब्यूट बँडचं सोंग वठत नाही? या चुका टाळा

ट्रिब्यूट बँड म्हणजे एखाद्या प्रसिद्ध बँडची गाणी त्याच्याच रूपात सादर करणारा बँड. विग, कोट, चष्मे सगळं जुळलेलं असतं आणि तरी दुसऱ्या गाण्याला प्रेक्षक मोबाइल काढून बसतात. अशा वेळी दोष बहुधा कपड्यांत नसतो. नक्की कोणत्या वर्षीचा बँड उभा करायचा, हेच कुणी ठरवलेलं नसतं.

१९६४ चे बीटल्स आणि १९६९ चे बीटल्स यांच्या दिसण्यातच नाही, आवाजातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकसारख्या सुटात उभं राहून शेवटच्या अल्बममधली गाणी वाजवली, की जाणकार तिथेच तुटतो. शिवाय ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे बंद केले. त्यामुळे पुढच्या बहुतेक गाण्यांना रंगमंचावरचा ‘मूळ’ नमुनाच नाही, तिथे रेकॉर्ड हाच पुरावा. म्हणून तालमीआधी प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ लिहा: कोणतं रेकॉर्डिंग, पट्टी कोणती, बीपीएम (मिनिटाला ठोके) किती, कोणता आवाज कुणाचा. दोन काळ दाखवायचेच असतील तर मध्यंतर घ्या आणि कपड्यांबरोबर वाद्यंही बदला.

कोरसमध्ये सगळ्यांनी मुख्य चालच गाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. मधला आवाज गळाला की गाणं पोकळ वाटतं, पण नेमकं काय चुकलं हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. वाद्यं बाजूला ठेवून फक्त आवाजांची तालीम घ्या. आधी दोघे-दोघे, मग तिघे. गायकाला पट्टी झेपत नसेल तर सगळ्या गिटारी अर्धा सूर उतरवून लावा. बोटांची जागा बदलून पट्टी उतरवली तर मोकळ्या तारांची गुंज जाते. गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स बऱ्याचदा अर्धा सूर उतरवूनच वाजवायचा. त्याची गाणी नेहमीच्या ट्यूनिंगवर घेतली तर पट्टी तरी चुकते, नाहीतर ताणलेल्या तारेवर त्याची ती सैल मींड येत नाही.

गिटारचा टोन बिघडतो तो जास्त गेनमुळे, म्हणजे अ‍ॅम्पवर आवाज फाटेपर्यंत सिग्नल वाढवल्यामुळे. घरी एकट्याने वाजवताना दणदणीत वाटलेला आवाज ड्रम आणि बेसमध्ये चिखल होतो. गेन निम्मा करा, मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) वाढवा. क्वीन बँडची गाणी वाजवणारे व्हॉक्स एसी ३० अ‍ॅम्प आणि वरचे सूर उठावदार करणारा ट्रेबल बूस्टर हौसेने घेतात आणि प्लास्टिकच्या पिकने वाजवतात. क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतो. त्या नाण्याची दातेरी कड तारेवर घासून जो खरखरीत उच्चार येतो, तो कुठल्याही पेडलमध्ये मिळत नाही.

यूटू बँडच्या गाण्यांत गणित सांभाळावं लागतं. त्यांचा गिटारिस्ट द एज याचा डिले (सूर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारा प्रतिध्वनी) बऱ्याचदा डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण ठोक्याचा असतो: ६०,००० भागिले बीपीएम, गुणिले ०.७५. १२० बीपीएमला ३७५ मिलिसेकंद. रंगमंचावर अंगात आलं आणि ड्रमर १२६ वर गेला, तर लागतात साधारण ३५७. पेडल मात्र ३७५ वरच अडलेलं असतं, आणि प्रत्येक प्रतिध्वनी ठेक्यामागे लंगडू लागतो. ड्रमरच्या कानात क्लिक (ठोके मोजणारा टिकटिक आवाज) द्या किंवा डिले टॅप टेम्पोवर ठेवा, म्हणजे पायाने ठोके देऊन तो लयीशी जुळवता येईल.

बीटल्सचा डावखुरा बेसिस्ट पॉल मॅकार्टनी याच्या जागी डावखुरा बेसिस्ट मिळेना म्हणून बँड अडवून ठेवू नका. हात उजवा चालेल, बेसची लाइन चुकलेली चालणार नाही.

गाण्यांच्या मध्ये उसन्या ढबीत लांबलचक बडबड नको, दोन वाक्यं पुरेत. दीड तासाला वीस-बावीस गाणी धरा. अनवट गाणी दोनच, तीही मध्यावर. पोस्टरवर ‘ट्रिब्यूट’ हा शब्द नावाइतकाच मोठा छापा आणि मूळ बँडचा लोगो उचलू नका. जाहीर वादनाचा परवाना असला म्हणून लोगो वापरायचा हक्क मिळत नाही.

तालमीचं रेकॉर्डिंग फक्त मिक्सरवरून घेऊ नका, एक फोन हॉलच्या मधोमध ठेवा. दुसऱ्या दिवशी अर्धा मिनिट मूळ, अर्धा मिनिट तुमचं, असं आलटून पालटून ऐका. जिथे दचकायला होतं, तिथून पुढची तालीम सुरू करा.